बाळाला एकच नाव कशाला?

पत्र

ताई, नमस्कार.

आमचा मुलगा आता सहा आठवड्यांचा होईल. बारसं पंधरा दिवसांवर आलंय आणि नावावरून घरात रोज खटके उडताहेत. माझे सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचं नाव धोंडीराम. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. सासूबाईंना नातवाला तेच नाव ठेवायचं आहे. ‘हे परत आले’ असं त्या बाळाकडे बघून म्हणतात. गुरुजींनी पत्रिका केली तर हस्त नक्षत्राचं तिसरं चरण निघालं, अक्षर ‘ण’. आता ‘ण’वरून नाव आणायचं कुठून? नणंदेने मोबाइलवर शोधून ‘कियांश’ पसंत केलंय आणि आत्याचा मान म्हणून त्या नावाचा फलकही छापायला टाकलाय. मला मात्र ‘निरंजन’ हवंय. पोटात होता तेव्हापासून मी त्याला मनात याच नावाने हाक मारते. नवरा म्हणतो, ‘तुम्ही बायका ठरवा, मला मध्ये घेऊ नका.’

आणखी एक सांगते. लग्नात माझं नाव बदललं. मला कुणी विचारलंही नव्हतं. मुलाच्या वेळीही तसंच होणार, या विचाराने रात्री डोळा लागत नाही. सासूबाई मनाने चांगल्या आहेत, बाळंतपणात त्यांनी माझं सगळं केलं. त्यांना दुखवायचं नाही. काय करू?

— एक वाचक, चिंचवड

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

माझं मत आधीच सांगून टाकते. कागदावर जे नाव चढणार, शाळेत ज्या नावाने हजेरी होणार, ते आईवडिलांनी ठरवावं. बाकीच्यांचं ऐकावं, त्यांचं मन राखावं, पण शेवटचा शब्द त्या दोघांचा. तुमच्या मुलाचं नाव निरंजन असावं असं तुम्हाला वाटतं, तर त्यासाठी खंबीर राहा.

पण तुमच्या घरात एवढी ओढाताण का चालली आहे, तेही बघू या. चार माणसांच्या चार इच्छा आहेत आणि जागा एकच, असं सगळ्यांनी धरलंय. जन्मदाखल्यावर जागा एकच असते, हे खरं. आपल्या परंपरेत मात्र मुलाला एकच नाव कधी नव्हतं. नामकरणाच्या विधीतच देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावं सांगितली आहेत. त्यावर घरातलं लाडाचं नाव, आणि मोठेपणी गावाने दिलेलं आणखी एक. आजोबा एका नावात असायचे, रास दुसऱ्या नावात, आणि हाक मारायला तिसरंच. दाखला, आधार, पासपोर्ट आले आणि सगळं एका ओळीत बसवायची वेळ आली. ती ओळ तुम्ही दोघांनी आपल्याकडे ठेवा. बाकीच्या जागा मोकळ्या मनाने घरच्यांना द्या.

‘ण’चा प्रश्न सर्वांत सोपा, म्हणून तो आधी संपवते. जन्मनक्षत्रावरून नावाचं अक्षर सांगणाऱ्या अवकहडा चक्रात २७ नक्षत्रांची प्रत्येकी चार चरणं, म्हणजे १०८ अक्षरं आहेत. त्यात हस्ताला ‘ण’ आहे, आर्द्रेला ‘ङ’ आहे, उत्तराभाद्रपदेला ‘ञ’ आहे. या अक्षरांवरून हाक मारण्याजोगं नाव मराठीत नाही, आणि चक्र मांडणाऱ्यांनाही ते ठाऊक असणारच. ते अक्षर पत्रिकेसाठी असतं. गृह्यसूत्रांत तर एक नाव असं सांगितलंय की ते मुंजीपर्यंत फक्त आईवडिलांनाच माहीत असावं. चारचौघांत वापरायचं नाव वेगळं. तेव्हा गुरुजींना मोकळेपणाने सांगा, ‘पत्रिकेत राशीचं नाव तुम्हीच लिहा.’ हस्त म्हणजे कन्या रास, ते ‘प’वरून एखादं नाव सुचवतील. ते पत्रिकेत राहील, मुंजीत किंवा एखाद्या पूजेत लागलं तर घेता येईल. कन्या राशीच्या मुलाला निरंजन म्हटल्याने काही बिघडत नाही. आपल्या ओळखीतल्या किती जणांचं राशीचं नाव व्यवहारातल्या नावाहून वेगळं आहे, ते नुसतं विचारून बघा.

आता सासूबाई. तुमच्या पत्रातला हा भाग माझ्या मनातून जात नाही, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

त्यांच्या पिढीतल्या बायकांनी नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय तोंडातून काढलं नाही. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हाही तसाच दंडक. मग आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असलेल्या घरांत काय होत असे? नाव ठेवत, पण त्या नावाने हाक कुणी मारत नसे. आई आणि आजी तर नाहीच. मुलगा घरात नाना, आबा, तात्या, अप्पा, बापू, भाऊ होई. आपल्याकडे ही हाकेची नावं एवढी रुजली त्याचं एक मोठं कारण हेच. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांच्या नातवाचं नाव आजोबांचंच, बाळाजी. पण आपण सगळे त्यांना नानासाहेब म्हणून ओळखतो. लोकमान्य टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. घरात त्यांना बाळ म्हणत, आणि तेच नाव पुढे साऱ्या देशाने घेतलं.

म्हणून सासूबाईंजवळ बसा आणि विचारा, ‘आई, याला धोंडीराम म्हटलं तर तुम्ही याला हाक काय माराल?’ विचारताना वादाचा सूर नको, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारा. माझा अंदाज आहे, त्या क्षणभर थांबतील आणि म्हणतील, ‘अण्णा.’ तसं झालं तर अर्धा प्रश्न तिथेच सुटला. बाळाला घरात अण्णा म्हणू द्या. तुम्हीही म्हणा. आजीच्या तोंडी ती हाक राहील, उत्तर द्यायला घरात एक अण्णा असेल, आणि शाळेच्या वहीवर निरंजन असेल.

त्यांना दुसरंही एक विचारा: अण्णांचं नाव धोंडीराम का ठेवलं होतं? अधिक महिन्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात, जावयाला धोंडे खायला बोलावतात तो. त्या महिन्यात जन्मलेल्या मुलाला धोंडीराम किंवा अधिकराव म्हणायची पद्धत तुमच्या सातारा-सांगलीकडे होतीच. दुसरं कारणही असू शकतं. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्या मुलाला मुद्दाम दगडू, धोंडू, कचरू, केरू, भिकाजी असं नाव ठेवत. दगडधोंड्याला कुणाची नजर लागत नाही, काळही त्याला उचलून नेत नाही, असा त्यामागचा विश्वास. आज शहरातली मुलं या नावांना हसतात, आणि मला ते लागतं. त्या नावांमागे लेकरं गमावलेल्या आया आहेत. अण्णांच्या आईचं तसं काही असेल तर सासूबाईंना ते ठाऊक असेल, आणि त्यांच्यानंतर ते सांगणारं घरात कुणी उरणार नाही. ती हकीकत लिहून ठेवा किंवा फोनवर त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करा. तुमच्या मुलाला आजोबा द्यायचे असतील तर ते त्या हकीकतीतून द्या.

‘हे परत आले’ या बोलण्यावर मात्र हुज्जत घालू नका. दोन वर्षं हा फार काळ नाही, त्यांचं दुःख अजून ओलं आहे. त्या तसं म्हणाल्या तर म्हणू द्या. पण मनात तुम्ही स्पष्ट राहा की हे बाळ नवं माणूस आहे. गेलेल्याची जागा भरून काढायचं काम सहा आठवड्यांच्या मुलावर टाकायचं नाही. नाव शेवटी तो वागवणार आहे. ठेवणारे आपलं कारण घेऊन निघून जातात, वागवणारा मागे राहतो. तुमच्याच सातारा जिल्ह्यात २०११ साली ‘नकुशा’ नाव असलेल्या २८० हून अधिक मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. त्या मुली शाळेत जायला लागल्या तरी घरच्यांचा मुलगा न झाल्याचा राग नावात घेऊन फिरत होत्या. धोंडीराम हे प्रेमाने ठेवलेलं नाव, त्याची नकुशाशी बरोबरी मी करत नाही. पण मोठ्यांच्या मनातलं ओझं नावातून मुलावर कसं उतरतं, ते तिथे दिसलं.

त्याच कारणासाठी आता तुमच्याबद्दल थोडं कडक बोलते.

तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायचं आणि बाईने त्या दिवसापासून त्या नावाला ओ द्यायची, ही प्रथा मला कधीही पटलेली नाही. परदेशात जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. दोघींनी केवढं काम केलं, पण आईवडिलांनी ठेवलेल्या नावाने त्यांना आज कुणी ओळखत नाही. तुम्हाला विचारलं नाही हा अन्यायच होता, तो सल खरा आहे. पण त्याची भरपाई मुलाच्या नावातून करू नका. ‘माझं नाव गेलं, निदान याचं तरी मी ठेवेन’ असं मनात असेल तर उद्या त्याला कुणी अण्णा म्हटलं तरी तुम्हाला ती हार वाटेल. निरंजन हे नाव तुम्हाला आवडतं, पोटातल्या बाळाशी तुम्ही त्या नावाने बोललात, एवढं कारण भरपूर आहे.

आणि तुमचं जुनं नाव तुम्हाला परत हवं असेल तर त्यासाठी लढा, मी तुमच्या बाजूने आहे. लग्नानंतर तुम्ही आधार, पॅन, बँकेत नाव बदललं की नाही, हे पत्रावरून कळत नाही. बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जाहिरात देऊन मूळ नाव पुन्हा घेता येतं. हे आत्ताच सांगायला एक कारण आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव, असा क्रम राहील. म्हणजे निरंजनच्या नावाला लागून लगेच तुमचं नाव येणार आहे. त्या जागी तुमचं कुठलं नाव असावं, याचा निर्णय मुलाच्या नावाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो सर्वस्वी तुमचा आहे. सासूबाईंना, नवऱ्याला, कुणाला विचारायचं कारण नाही.

नणंदेचं काय करायचं? आत्याचा मान मोठा, त्यात शंका नाही. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झालं की बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं ते तिनेच, आणि बायकांचे पाठीत धपाटे खायचे तेही तिनेच. पण तो मान नाव सांगण्याचा आहे. ठरवायचा अधिकार त्यात येत नाही, आणि फलक छापायला टाकून तो मिळतही नाही. कियांश या नावाबद्दल म्हणाल, तर ते संस्कृत शब्द म्हणून मला कोशात सापडलं नाही. नावांच्या संकेतस्थळांवर दिलेले अर्थ पुष्कळदा मागाहून चिकटवलेले असतात. शंका आली की शब्दकोश उघडावा. तरी नणंदेपुढे हा मुद्दा काढू नका. त्या नावाची किती तरी गोड मुलं आज बालवाडीत आहेत, आणि तिने आपल्या भाच्यासाठी हौसेनेच शोधलंय. तुमची हरकत एवढीच की आईबापांना न विचारता ते छापायला गेलं. तेवढंच बोला.

हे बोलायचं मात्र तुम्ही नाही, तुमच्या नवऱ्याने. त्याला माझ्याकडून सांगा, ‘तुम्ही बायका ठरवा’ म्हणून हात झटकता येणार नाहीत. आई त्याची, बहीण त्याची, गेलेले वडील त्याचे. त्याच्या गप्प बसण्याने सगळा वाईटपणा सुनेच्या माथी येतो. ‘सुनेने अण्णांचं नाव ठेवू दिलं नाही’ हे वाक्य एकदा भावकीत फिरलं की वर्षानुवर्षं पुसलं जात नाही. त्याने बहिणीला फोन करून सांगावं, ‘ताई, नाव निरंजन ठरलंय, आम्ही दोघांनी ठरवलंय, फलक बदलून घे, छपाईचे पैसे मी देतो.’ आणि आईजवळ बसून सांगावं की पाळण्यात पहिलं नाव अण्णांचंच घेऊ. कदाचित वडिलांबद्दल त्यालाही बोलता येत नसेल, म्हणून तो बाजूला होत असेल. तसं असेल तर तेही या निमित्ताने निघू दे.

बारशाच्या दिवशी असं करा. आत्याने कानात आधी धोंडीराम सांगावं, मग राशीचं नाव, आणि शेवटी मोठ्याने निरंजन. तिला स्वतःचं कियांशही सांगायचं असेल तर तेही हळूच सांगू दे, बाळाच्या कानात जागा आहे. सासूबाईंना घुगऱ्या वाटायला पुढे करा. जमलेल्या बायकांना त्यांनीच सांगावं, ‘याला आम्ही घरात अण्णा म्हणणार.’ त्यांच्या तोंडून गेलं की ते नाव त्यांनी दिलेलं होईल.

निरंजन या नावाबद्दल दोन बारीक गोष्टी. लोक ते निरांजन असं ऐकतील आणि लिहितीलही, देवापुढच्या तुपाच्या दिव्यामुळे. अर्जांवर, दाखल्यांवर ‘र’ला काना लागला नाही ना, ते नीट बघायची सवय तुम्हाला लावून घ्यावी लागेल. ‘र’वर फक्त अनुस्वार हवा. आणि इंग्रजी स्पेलिंग आजच एका कागदावर लिहून दोघांनी पक्कं करा. ज्ञानेश्वर किंवा ऋषिकेश नावाच्या मुलांची तीन कागदांवर तीन स्पेलिंगं असतात आणि दहावीच्या अर्जापाशी घोळ उघडा पडतो. तुमचं नाव त्या मानाने सरळ आहे, पण एखादं अक्षर इकडचं तिकडे व्हायला वेळ लागत नाही.

बारशाआधी कागदावर नाव गेलंच पाहिजे अशी घाई कुणी लावत असेल तर ऐकू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर ती माहिती तिथूनच जाते, आणि नावाचा रकाना रिकामा राहू शकतो. नाव पुढे १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. मात्र एकदा घातलेलं नाव बदलणं किचकट असतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हा दाखलाच धरला जातो. शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, पुढे वाहन परवाना आणि मतदारयादी, सगळीकडे तोच लागणार. म्हणून महापालिकेच्या कार्यालयात जाल तेव्हा दोघंही जा. अर्जावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं स्वतः वाचा. रुग्णालयाने कळवलेलं आईचं नाव तुमच्या आधारवरच्या नावाशी जुळतंय का बघा, आणि तुम्ही मूळ नाव परत घ्यायचं ठरवलंत तर ते काम आधी उरका, मग मुलाचं नाव घाला. एक जास्तीचं नाव दाखल्यात सामावून घेऊ, ‘निरंजन धोंडीराम’ असं लिहू, ही तडजोड कुणी सुचवेल. ती करू नका. आपल्याकडे दुसरं नाव वडिलांचं धरतात, आणि मग प्रत्येक खिडकीवर मुलाला त्याचे वडील कोण ते समजावत बसावं लागेल.

पहिलं काम फलकाचं. तो छापून यायच्या आत आज संध्याकाळीच नवऱ्याला बहिणीला फोन करायला लावा.